निळ्या पिंपाचं चिलखत

आमचे अण्णा पिंपं नापास करायचे. नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात रसायनं भरायची मोठी निळी प्लास्टिकची पिंपं तयार व्हायची, आणि त्यांतलं धड कुठलं, अधू कुठलं हे ठरवणं एवढंच त्यांचं काम होतं. पिंप उभं करायचं, त्याच्याभोवती सावकाश एक फेरी मारायची, काठावरून अंगठा फिरवायचा, बोटाच्या पेराने टकटक करून आवाज ऐकायचा, आत दिवा सोडून बाहेरून भिंतीची जाडी बघायची. हीच नजर ते संध्याकाळी घरी घेऊन यायचे. आईच्या पोळीचा काठ, माझा भांग, वाण्याने दिलेल्या पुडीची गाठ, सगळं त्या नजरेखालून जायचं. बोलायचे मात्र कमी. न पटलेली वस्तू ते नुसती बाजूला सरकवत. ताटातली करपलेली पोळी कडेला सरकली की आई म्हणायची, "झालं, बसला शिक्का." नाकासमोर चालणारा माणूस असं ज्याला म्हणतात तसे ते होते, आणि अशा माणसाबरोबर राहणं सोपं नसतं हे मी त्यांच्या माघारी तरी सांगून टाकतो.

सिडकोतलं आमचं घर दोन खोल्यांचं, वर सिमेंटची गच्ची. सकाळी सातच्या भोंग्याआधी नळाला पाणी यायचं, त्यामुळे दिवसाची सुरुवात बादल्यांच्या आवाजाने व्हायची. त्यात स्टोव्हची घरघर, शेजारचा रेडिओ आणि या सगळ्यांवर चढलेला बाळूकाकाचा आवाज. बाळूकाका म्हणजे अण्णांचा धाकटा भाऊ. आजी-आजोबा लवकर गेले, म्हणून अण्णांनीच त्याला चांदवडहून आणून वाढवलं. तो नाशिकच्याच द्वारका चौकातल्या एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात होता आणि संध्याकाळी घरी आला की कपड्यांना कांद्याच्या गोण्यांचा वास यायचा. अण्णा जेवढे गप्प, तेवढा हा बोलका. आंघोळीला गेला तरी बाथरूममधून आईशी गप्पा चालू. आई त्याला "भावजी, आधी साबण तरी लावा" म्हणायची. लग्नाचं वय झालं होतं, मुली बघणं चालू होतं, आणि प्रत्येक मुलीकडून आल्यावर तो तिथल्या पोह्यांचं वर्णन करायचा, मुलीचं नाही.

धुळवडीला नाशिकमध्ये वीर निघतात. बाहेरच्यांना हे ठाऊक नसतं म्हणून सांगतो. ज्या घरातला कुणी पूर्वी लढाईत किंवा अकाली गेला असेल, त्याचा चांदीच्या पत्र्यावर ठोकलेला छोटा टाक त्या घरच्या देवघरात असतो. त्यालाच वीर म्हणतात. धुळवडीच्या दुपारी तो खोबऱ्याच्या वाटीत ठेवून लाल कापडात बांधतात, घरातला एक जण पोशाख करून तो हातात घेतो आणि डफाच्या तालावर नाचत होळीला फेरी घालून गोदावरीवर नेतो. तिथे टाकाला आंघोळ घालायची आणि परत आणायचं. आमच्या नाशिकच्या घरात वीर नव्हता. बाळूकाकाला याचं फार वाईट वाटायचं. तो दर वर्षी शेजारच्या एका घरच्या वीरापुढे नाचायला जायचा, भाड्याचा मखमली अंगरखा घालून. त्या अंगरख्याला आधी घातलेल्या दहा जणांच्या घामाचा वास असायचा.

एका वर्षी होळीच्या आठ-दहा दिवस आधी जेवताना त्याने विषय काढला.

"अण्णा, एक नापास पिंप आणा ना. कापून असं चिलखत करतो की पंचवटीतले लोक बघत राहतील."

अण्णांनी आमटी वाढून घेतली. "कंपनीचा माल आहे तो."

"नापास झालेला ना, पण?"

"नापास झाला तरी कंपनीचाच. दळून परत वापरतात."

"मग गेट पास काढा."

"नाचायला पाहिजे म्हणून गेट पास मागू?"

बाळूकाका हसला. "राहू द्या. भाड्याचंच बरं." भांडण नाही, रुसवा नाही, त्याने आणखी एक पोळी मागून घेतली. त्या वर्षी तो मखमलीतच नाचला. त्यानंतर पाच-सहा महिन्यांनी, श्रावणात, द्वारकेच्या चौकात त्याच्या लुनाला ट्रकचा धक्का लागला आणि तो जागच्या जागी गेला. तेराव्यानंतर अण्णा कामावर रुजू झाले. पहिले दोन दिवस त्यांनी एकही पिंप नापास केलं नाही, असं त्यांच्या बरोबरीचे एक जण घरी येऊन आईला हळूच सांगून गेले. तिसऱ्या दिवसापासून सगळं पूर्ववत झालं.

घर मात्र पूर्ववत झालं नाही. नळाचं पाणी, स्टोव्ह, शेजारचा रेडिओ हे सगळे आवाज तसेच होते, पण त्यांच्यावर चढणारा आवाज नव्हता, आणि त्यामुळे ते फार मोठे वाटायचे. दिवाळीनंतर चांदवडहून अण्णांचे चुलतभाऊ आले. वयाने मोठे, म्हणून आम्ही त्यांना थोरले काका म्हणायचो. ते चहा बशीत ओतत म्हणाले, "पोरगं बिनलग्नाचं गेलं. त्याला वीरात बसवा. असं वाऱ्यावर नका ठेवू." अण्णांनी मान हलवली. "आन ध्यानात ठेवा, वीर हातात घेतला का घरी येवस्तोवर बसायचं नाय. हातातला वीर उभा, तं धरणारा बी उभा. आपल्यात तसंच हाय." अण्णांनी हेही नीट ऐकून घेतलं. पुढे सराफ बाजारात जाऊन त्यांनी टाक करून आणला. घोड्यावर बसलेला, हातात तलवार घेतलेला वीर. पोस्टाच्या मोठ्या तिकिटाएवढा, नवाकोरा, कडा अजून बोटाला लागतील अशा. जो माणूस आयुष्यभर दुसऱ्यांच्या वीरांपुढे नाचला, तोच आता आमच्या घरचा वीर झाला होता. मी सोळा वर्षांचा होतो आणि घरात दुसरा मुलगा नव्हता, म्हणजे तो हातात घेणार मी, हे उघडच होतं.

माघाच्या मध्यावर एका शनिवारी अण्णा सायकल ढकलत चालत आले. कॅरिअरला सुतळीने बांधलेलं एक निळं पिंप होतं. दारात सायकल लावून त्यांनी आधी खिशातून घडी केलेला गेट पास काढला आणि कुणी विचारलेलं नसताना आईला दाखवला. आईने तो वाचला, घडी घालून परत दिला आणि म्हणाली, "आता आणलंत होय?" आमच्या घरात असं बोलायची हिंमत तिच्याचकडे होती.  अण्णांनी मापाची टेप काढली आणि मला गच्चीवर यायला सांगितलं. अण्णांना काय हवं होतं हे तेव्हा मला कळत होतं, आणि ते त्यांना कधीच बोलून दाखवता येणार नाही हेही कळत होतं. भावाने एक गोष्ट मागितली होती. ती अंगावर चढवून त्याला एकदा नदीवर न्यायचं होतं, आणि त्यात कुठेही उणं राहायला नको होतं.

पुढचे तीन-चार रविवार आमची गच्ची दोघांत वाटली गेली. अर्ध्या भागात आईच्या कुरडया, अर्ध्या भागात अण्णांचं पिंप. आईने पहिल्याच दिवशी बजावलं, "माझ्या चिकाला प्लास्टिकचा वास लागला तर चिलखतच तळून काढीन." अण्णांनी वाऱ्याची दिशा बघून शेगडी दुसऱ्या कोपऱ्यात नेली. आधी त्यांनी वर्तमानपत्राचे कागद माझ्या अंगावर टाचून नमुने कापले. छाती, पाठ, दोन खांदे, दोन दंड, दोन मांड्या. ते पिंपावर ठेवून खडूने आखले आणि करवतीच्या पात्याने कापायला बसले. पिंपाचं प्लास्टिक कापताना किरकिरत नाही, दबक्या आवाजात कुरकुरतं, आणि निळा भुसा केसांत बसतो तो दोन आंघोळींनीही जात नाही. कापलेला तुकडा पिंपाच्याच गोलाईचा असतो. माणसाची छाती त्या गोलाईची नसते. म्हणून तो शेगडीवर दोन्ही हातांनी फिरवत तापवायचा. आधी तो नुसता गरम होतो, मग एका क्षणी त्याच्यावर चमक येते. ती चमक आली की मोजून थोडासाच वेळ हाताशी असतो. अण्णांना हे कुणी शिकवायची गरज नव्हती, त्यांची वीस वर्षं या प्लास्टिकशी गेली होती.

छातीच्या तुकड्याला आकार माझ्यावरच द्यायचा असं ठरलं. मला दोन गोधड्या गुंडाळल्या, वरून ओलं पोतं बांधलं, आणि अण्णा तो चमकणारा तुकडा ओल्या फडक्यांत धरून माझ्याकडे आले. "श्वास भरून घे. धर." त्यांनी तो माझ्या छातीवर दाबला आणि दोन्ही तळव्यांनी चेपत राहिले, बरगड्यांवर, पोटावर, काखेखाली. पोत्यातून वाफ निघत होती. गोधड्यांतून ऊब यायला लागली तशी मला भीती वाटली, पण त्याहून जास्त दुसरंच काहीतरी वाटलं. अण्णांनी मला लहानपणानंतर जवळ घेतल्याचं मला आठवत नाही. त्या दुपारी ते माझ्या इतक्या जवळ होते की त्यांच्या मिशीतले पांढरे केस मोजता आले असते. "सोड आता," ते म्हणाले आणि मागे सरकून त्यांनी डोळे बारीक केले. तुकडा बाजूला सरकवला नाही. आज माझ्या मुलाला मी येता-जाता मिठी मारतो आणि तो वैतागतो. चूक बहुधा माझीच आहे, पण सवय लागून गेली.

तुकडे जोडायला रिव्हेट मारले, पट्टे जुन्या दप्तरांचे आणि बाळूकाकाच्या एका कमरपट्ट्याचे लावले. रंगाची एक अडचण होती. पिंपाच्या प्लास्टिकवर रंग टिकत नाही, सुकला की सालपटासारखा निघून येतो. अण्णांनी सगळे तुकडे काचकागदाने घासले, मग ब्लो लॅम्पची ज्योत त्यांच्यावरून नुसती लागून जाईल इतक्या वेगाने फिरवली आणि त्यावर चंदेरी रंग मारला. तो असा बसला की नखाने खरवडूनही निघेना. खालून घालायला आईने कापूस भरून जाड बंडी शिवली. फेट्याबद्दल मात्र ती ऐकेना. "डोक्यावर प्लास्टिक चालणार नाही. माणूस आहे तो, बादली नाही."

मग चाचण्या झाल्या. अण्णांनी वहीत एकाखाली एक लिहून काढलं होतं: चालणे, वळणे, दोन्ही हात वर, तलवार फिरवणे, नाचणे, पाऊण तास अंगावर ठेवणे. मी गच्चीवर तलवार फिरवत नाचत होतो, आई कुरडया उलटत होती, अण्णा घड्याळ बघत होते. शेजारच्या गच्चीवरून बायका बघत होत्या आणि मला लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. काख काचत होती तिथे त्यांनी कानशीने दोन सूत कमी केलं. मांडीचे तुकडे नाचताना खडखडत होते, त्यांना आतून सायकलच्या ट्यूबचे तुकडे लावले. 'बसणे' असा एक शब्द वहीत होता, पण त्यावर काट मारून पुढे लिहिलं होतं, 'वीर बसत नाही.' बरोबरच होतं. थोरल्या काकांनीच तसं सांगितलं होतं. सगळ्या शब्दांपुढे बरोबरच्या खुणा झाल्यावर अण्णा माझ्याभोवती सावकाश एक फेरी मारून आले आणि छातीवर बोटाच्या पेराने टकटक केलं. मग त्यांनी वही मिटली.

धुळवडीच्या दुपारी आईने मला आदल्या दिवशीची पुरणपोळी दुधात कुस्करून उभ्यानेच भरवली. चिलखत चढल्यावर बसता येतच नव्हतं, त्याचं आम्हाला हसू आलं. अण्णांनी पट्टे आवळले, आईने टाक खोबऱ्याच्या वाटीत ठेवून लाल कापडात बांधला आणि माझ्या हातात दिला. "सांभाळून ने रे त्यांना," एवढंच म्हणाली. गल्लीतल्या होळीला फेरी झाली, डफ वाजायला लागला आणि मी नाचलो. एरवी मला नाचता येत नाही, पण त्या दिवशी जमलं. पुढे टेम्पोत उभा राहून शालिमार चौकापर्यंत आणि तिथून नाचत रामकुंडाकडे. वाटेत लोक थांबून बघत होते. कुणीतरी विचारलं, "पत्र्याचं आहे का हो?" अण्णा म्हणाले, "प्लास्टिक." दोन पावलं गेल्यावर ते मागे वळले आणि त्या अनोळखी माणसाला म्हणाले, "माझ्या भावाची कल्पना." कुणी न विचारलेलं काही सांगताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकत होतो.

कुंडावर गर्दी होती. घराघरांचे वीर पायऱ्यांवर उतरत होते, वाकून टाक पाण्यात बुडवत होते आणि परत फिरत होते. मीही गुडघाभर पाण्यात उतरलो आणि वाकायला गेलो. वाकता येईना. छातीच्या तुकड्याची खालची कड मांडीच्या तुकड्यांवर टेकली आणि वरची कड हनुवटीखाली. एवढ्या चाचण्यांत कुणालाही सुचलं नव्हतं की वीर बसत नसला तरी त्याला वाकावं लागतं. अण्णांचं आयुष्य पिंपं उभी करून तपासण्यात गेलं होतं. पिंप कधी वाकत नाही.

"अजून एक पायरी उतर," मागून अण्णा म्हणाले. "पाणी हाताशी येऊ दे."

मी उतरलो. मग आणखी एक. पाणी कमरेच्या वर आलं आणि आत कोंडलेल्या हवेने चिलखत वर उचललं. छातीच्या तुकड्याची वरची कड हनुवटीला भिडली, मान मागे गेली, मांड्यांचे तुकडे तरंगायला लागले आणि माझे पाय शेवाळावरून सुटले. मी दोन्ही हात झाडले. पुढचं मला आकाश दिसलं तेवढंच आठवतं. "अरे, वीर तरंगला," कुणीतरी म्हणालं आणि बरेच जण हसले. दोघांनी पट्ट्यांना धरून मला पायरीवर ओढलं. खोबऱ्याची वाटी पाण्यावर डुलत होती, लाल कापड सुटून पसरलं होतं. एका बाईने दोन्ही उचलून आईच्या हातात दिलं. वाटी रिकामी होती.

अण्णा मला ओरडले नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. घड्याळ आणि चष्मा काढून आईकडे दिला आणि ते कपड्यांसकट पाण्यात उतरले. जिथे मी आडवा झालो होतो तिथे बुडी मारली. वर आले, श्वास घेतला, पुन्हा खाली. आजूबाजूला लोकांचे वीर येत होते, न्हात होते, जात होते. डफवाला वाजवायचं थांबून काठावर उभा होता. मी थरथरत उभा होतो, थंडीने कमी आणि शरमेने जास्त. बाळूकाकाला आपण दुसऱ्यांदा घालवलं, हेच माझ्या मनात येत होतं. पाचव्या की सहाव्या बुडीनंतर अण्णा मूठ बंद करून वर आले. "मिळाला," ते म्हणाले. आईच्या हातून कापड घेऊन त्यांनी पाठमोरे होऊन वाटी बांधली, गाठ स्वतः मारली आणि माझ्या हातात दिली. "चल. नाचत न्यायचं असतं." डफ पुन्हा वाजायला लागला. बंडीतल्या कापसाने पाणी धरलं होतं, प्रत्येक पावलाला चिलखतातून पचपच आवाज येत होता. तरी मी घरापर्यंत जमेल तसा नाचलो.

घरी आल्यावर आईने माझ्या हातातला वीर घेतला आणि देवघरापुढे पाट मांडला. मी स्वयंपाकघराच्या दाराशी उभा होतो आणि अण्णा माझ्या मागे पट्टे सोडत होते. भिजलेले पट्टे फुगून बक्कलात अडकले होते. आईने गाठ सोडली, टाक तळहातावर घेतला, पदराने पुसला, दिव्याजवळ नेला. 

"अहो," ती म्हणाली, "हे भावजी नाहीत."

"माहीत आहे."

"केवढा झिजलाय. घोड्याचं तोंडसुद्धा राहिलेलं नाही. कुणाच्या तरी घरचा जुना वीर आहे हा."

"हो."

"मग तिथेच का नाही बोललात?"

एक पट्टा सुटला. अण्णा दुसऱ्याकडे वळले. "चाचपडत होतो तर हाच हाताला लागला. परत कसा टाकू? पुन्हा नाही म्हणवेना मला."

आईने तो टाक देवघरात इतर देवांच्या शेजारी ठेवला. त्याला हळदकुंकू लावलं, पुरणाचा नैवेद्य दाखवला आणि तशीच पाटावर बसून राहिली. मग आमच्याकडे न बघता तिने विचारलं, "आणि आपले भावजी? ते तिथेच राहिले की हो, एकटे."

अण्णांची बोटं माझ्या पाठीवर थांबली. गळ्याशी आलेल्या कडेमुळे मला मान वळवून बघता येत नव्हतं. 

"त्याला पोहता येतं," अण्णा म्हणाले.